बाबांचं विमान

लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल. जेट विमान ताशी साडेपाचशे मैल उडतं. म्हणजे आठ तास, वर फार तर थोडी मिनिटं. हा हिशेब मला अजून तोंडपाठ आहे, आणि आजही कुणी माझ्यासमोर "अमुक गाव विमानानं अमुक तास" असं म्हणालं की माझं डोकं फिरतं. समोरच्याचा त्यात काही दोष नसतो. तो बिचारा नातवंडांना भेटायला निघालेला असतो.

हिशेब माझ्या वडिलांचा. ते कोल्हारच्या शाळेत भूगोल शिकवायचे. स्वतः उभ्या आयुष्यात मुंबईला दोनदा गेलेला माणूस, पण व्होल्गा कुठल्या समुद्राला मिळते हे जेवताना विचारलं तरी घास तसाच हातात धरून सांगायचे. आमची थोरली ताई नर्सिंग शिकून इंग्लंडात नोकरीला गेली तेव्हा आळीत सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. नकाशातलं एक गाव आता त्यांचं स्वतःचं झालं होतं. आईला मात्र ताईचं जाणं पटलं नव्हतं. ताई निघाली त्या दिवशी आई चुलीपाशी बसून राहिली, रस्त्यापर्यंतसुद्धा गेली नाही. "जायचंच हाय तर जा," एवढंच म्हणाली. पुढं तीन वर्षं तिला ते सलत राहिलं. पण हे आम्हाला ती आजारी पडल्यावर कळलं.

दुष्काळाचे दिवस होते. प्रवरेच्या वाळूत खड्डे उकरून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. चर्चमागच्या आमच्या आळीतली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर होती, आणि घरोघरी रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, तांबड्या भाकरी होत्या. त्यात आईच्या पोटात दुखायला लागलं. दुष्काळात तेरावा महिना. मिशनच्या मोठ्या दवाखान्यात तिचं पोट उघडलं आणि पुन्हा तसंच शिवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, मला सांगायची गरजच पडली नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, शिक्षिकेचं ट्रेनिंग अर्धवट टाकून घरी आले होते.

घरी आणल्यावर थोडे दिवस बरे गेले. मग दुखणं चढत गेलं. आमच्या आळीत नर्समावशी राहायच्या. गावातल्या छोट्या दवाखान्यात त्या कामाला होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे मॉर्फियाची इंजेक्शनं दिली आणि बाबांना नीट बजावलं, "यानं त्यांना आराम पडेल. पण झोप येईल, जागेपणीही भान राहणार नाही. आता त्यांना किती सोसायला लावायचं ते तुम्ही ठरवा."

बाबांनी ठरवलं नाही. आईनंच ठरवलं.

"तिला तार केलीय न्हवं?" आईनं विचारलं. तार केली होती. "मग ती येईस्तोवर सुई नको. मला तिच्याशी जागेपणी बोलायचंय. झोपेत काय बोलू मी?"

तिसऱ्या दिवशी ताईची उलट तार आली, बुधवारी सकाळी दहाला लंडनहून निघते म्हणून. बाबांनी ती तार आईला तीनदा वाचून दाखवली. मग शाळेत जाऊन पृथ्वीगोल घेऊन आले. जुना होता. शेकडो पोरांची बोटं फिरून आफ्रिकेचा रंग उडाला होता. आईच्या खाटेजवळच्या ट्रंकेवर त्यांनी तो ठेवला, आईच्याच शिवणाच्या डब्यातला काळा दोरा काढला, एक टोक लंडनवर धरलं, दुसरं मुंबईवर. दोरा उचलून आईच्या तळहातावर ठेवला. "बघ, एक वीतही भरत नाही."

आईनं दोरा चिमटीत धरला आणि हसली. पोट शिवल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. म्हणून त्या दोऱ्यावर कुणी शंका काढली नाही.

मग पाटीवर हिशेब झाला. लंडनला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. तिथून आठ तास. बुधवारी मध्यरात्रीच्या आत ताई मुंबईला उतरणार. मामा आधीच मुंबईला जाऊन विमानतळावर उभा राहणार. सकाळची गाडी धरून मनमाड, मनमाडहून एसटी, आणि गुरुवारी दुपारी ताई दारात. "गुरुवारी दुपारी," बाबांनी आईला सांगितलं. पंतोजींनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या की पोरांची शंका संपते, तशी आमची सगळ्यांची शंका संपली. ताई सोडली तर आमच्या आळीत विमानात बसलेलं माणूस नव्हतंच. आम्हाला ठाऊक होती ती एसटी. ती उशिरा येते, बंद पडते, पण एकदा आत बसलं की स्टँडवर उतरवते. विमान म्हणजे न बंद पडणारी एसटी, अशीच सगळ्यांची समजूत होती. बाबांचीसुद्धा.

बुधवारी साडेतीनला बाबा धुतलेला सदरा घालून आईच्या खाटेशी बसले. "सुटलं," म्हणाले.

मग आळी जमायला लागली. कामावरून आलेल्या बायका तोंडावरची खडीची धूळ न पुसताच यायच्या, "सलाम बाई" म्हणून आईच्या पायाशी बसायच्या आणि बाबांना विचारायच्या, "मास्तर, कुठवर आली वो पोर?"

बाबा घड्याळ बघत आणि गोलावर बोट ठेवत. "जर्मनी." थोड्या वेळानं, "काळा समुद्र. खाली बर्फ असेल आत्ता." एका म्हातारीनं विचारलं, "पाकिस्तान लागंल का मधी?" लढाई होऊन वर्षच झालं होतं. बाबांनी सांगितलं, "नाही, तिकडून नाही येणार. थोडा वळसा पडेल, पण मी तो धरलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी वळसासुद्धा धरलाय.

आई ऐकत होती. कळ आली की डोळे मिटायची, खाटेची दोरी मुठीत आवळायची, आणि कळ ओसरली की विचारायची, "आता कुठं?" बाबा सांगायचे. तिला जर्मनी काय आणि इराण काय, पण प्रत्येक नावासरशी लेक जवळ येत होती ना. संध्याकाळी नर्समावशी सुई उकळून घेऊन आल्या. आईनं हात आखडून घेतला. "एवढं काढलं, आता उद्या दुपारपत्तुर काय?" मावशी परत गेल्या.

गुरुवारी दुपारी मनमाडकडून येणारी एकेक गाडी थांबायची आणि निघून जायची. आमचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ब्रेकचा आवाज आला की आई मान उचलायची. अर्धी आळी थांब्यावर उभी होती. चार गाड्या गेल्या. पाचवीच्या आधी नर्समावशीच लगबगीनं आल्या. मामाचा दवाखान्याच्या फोनवर ट्रंककॉल आला होता. ताई त्या विमानात नव्हती. यादीत नावच नव्हतं. आजच्या विमानानं येत असेल, मी इथंच थांबतो, असं मामा म्हणाला होता.

बाबा आत आले आणि आईला म्हणाले, "एक दिवस पुढं गेलं. आज निघतेय." हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. मामा "असेल" म्हणाला होता. बाबांनी त्याचं "निघतेय" केलं. मग खुर्ची ओढली, घड्याळ बघितलं, आणि साडेतीनला पुन्हा लंडनहून विमान सोडलं.

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी परसात जाऊन उभी राहिले. आत बाबांचा वर्गात शिकवतानाचा आवाज चालू होता. जर्मनी. काळा समुद्र. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तो भात माझ्या आईला तिच्या कळांच्या मोलानं भरवत होते. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की त्या माणसाकडं दुसरं काहीच नव्हतं. पाणी वाहून आणण्याइतकी ताकद नव्हती, प्रार्थना करायला बसले की रडू यायचं, आणि सुईचं नाव काढलं की आई तोंड फिरवायची. भूगोल तेवढा उरला होता. पण कळतं म्हणून राग गेला असं नाही.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमधल्या बायका गीतं म्हणायला आल्या. आईला गीतं आवडायची, पण सहा-सहा कडवी म्हणजे आजारी माणसाचा छळच. चौथ्या कडव्याला आई ओरडली. बायकांनी आवाज चढवला, तिचं ओरडणं झाकलं जावं म्हणून. मी एकीच्या हातातलं पुस्तक मिटवलं. ती माझ्यावर रागावली, आणि पुढं कित्येक वर्षं रागावलेलीच होती.

त्या संध्याकाळीही आईनं सुई घेतली नाही. नर्समावशी या वेळी तशाच परत गेल्या नाहीत. बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, लई झालं. तुमी सांगा त्यास्नी. तुमचं ऐकत्याल." बाबा म्हणाले, "एक रात्र. आज विमान इराणपर्यंत आलंय." खरं सांगते, असंच म्हणाले. मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मीही बघत राहिले. त्या क्षणी मला वाटलं की यांना सगळं खरंच दिसतंय, आईपेक्षा जास्त.

शुक्रवारी सकाळी आईचे ओठ फाटले होते. दातांनी चावून चावून. तळहातावर दोरीचे वळ उठले होते. तिला पाणी पाजताना मी तोंड दुसरीकडे करत होते. दुपारी पुन्हा फोन. कालच्या विमानातही ताई नव्हती. मामा म्हणाला, काउंटरवरची माणसं नीट सांगत नाहीत, तिकडं धुकं आहे म्हणतात. बस, एवढंच.

साडेतीन वाजले. बाबांनी खुर्ची ओढली. पृथ्वीगोल जरासा फिरवून इंग्लंड समोर आणलं. आळीतलं कुणी आलं नव्हतं. लोकांनासुद्धा तिसऱ्या दिवशी धीर झाला नाही. घरात आम्ही तिघंच.

"हां," बाबा म्हणाले. "आज नक्की—"

"अहो," आई म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "बास करा. उतरवा तुमचं इमान आता. माझ्यानं न्हाई हुत."

बाबांचं बोट गोलावर तसंच राहिलं. मग ते रडले. मी त्यांना असं मोठ्यानं रडताना पहिल्यांदा पाहिलं. आईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "जा, बोलाव मावशीला." मी अनवाणी पळत गेले.

सुई दिल्यावर थोड्या वेळानं तिची मूठ सुटली. तिचा चेहरा सैल पडला, तेव्हा कळलं की तो इतके दिवस किती आवळलेला होता. ती झोपली. मी तिच्या उशाशी बसले आणि मला नुसतं बरं वाटलं. ताईची आठवणसुद्धा झाली नाही. नर्समावशी ठरल्या वेळी येत राहिल्या, आई कधी अर्धवट जागी व्हायची, काहीतरी पुटपुटायची, पुन्हा झोपायची. मी तिचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते. बाबांनी पृथ्वीगोल शाळेत पोचवला.

रविवारी सकाळी बाबा चर्चला गेले. जायचं नव्हतं, पण पाळकसाहेब स्वतः न्यायला आले. सगळी आळी चर्चमध्ये. गुरुवारी थांब्यावर जत्रा भरवणारी माणसं, आणि ताई उतरली तेव्हा तिथं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. तिची बॅग मामा उचलून आणत होता, ती पुढं चालत आली. दारात उभी राहिली तेव्हा मी पटकन ओळखलं नाही. केस मानेपर्यंत कापलेले, अंगात जाड कोट, चेहरा फिका आणि सुजलेला. तिच्या अंगाला आमच्या घरात कधी न आलेल्या साबणाचा वास येत होता.

तिनं बुधवारचंच विमान धरलं होतं, पण ते थेट मुंबईचं नव्हतं. थेट जाणाऱ्यात जागा मिळाली नव्हती म्हणून मधे दोन ठिकाणी बदलायचं तिकीट काढलं होतं. लंडनलाच धुक्यात दिवस गेला, पुढचं विमान चुकलं, आणि कुठल्याशा वाळवंटातल्या विमानतळावर ती दोन दिवस बाकावर बसून होती. तिथून तार करायचा तिनं प्रयत्न केला होता. ती तार आली नाही. बाबांच्या दोऱ्यावर हे काहीच नव्हतं. मुंबई ते कोल्हार हे अंतरही त्या गोलावर ज्वारीच्या दाण्याएवढं भरलं असतं, पण ते कापायला तिला मुंबईत उतरल्यापासून चांगला दिवस लागला. मनमाडला गाडी चुकली म्हणे.

हे सगळं तिनं नंतर सांगितलं. आल्या आल्या ती आईजवळ गेली, रडली नाही, कोटाच्या बाह्या मागं सारल्या आणि आईचं मनगट धरलं. पापणी उचलून पाहिली. ओठ पाहिले. मग तळहात उलटा करून दोरीचे वळ पाहिले.

"मॉर्फिया कधी सुरू केलं?" तिनं मला विचारलं.

"शुक्रवारी."

"परवा? आणि त्याआधी काय देत होता?"

तेवढ्यात बाबा आले. चर्चमध्ये कुणीतरी निरोप दिला असावा, टोपी हातात घेऊन धावत आले होते. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण तिचा प्रश्न संपला नव्हता. "बाबा, तिला काहीच का दिलं नाही?"

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "तुझ्याशी जागेपणी बोलायचं होतं तिला. तू निघालीस तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली नाही, ते तिच्या मनात राहिलं होतं. तू येईपर्यंत नको म्हणाली."

ताईनं आईचा तळहात पुन्हा हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "मी इथं असते ना बाबा, तर पहिल्याच दिवशी दिलं असतं."

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना जे कुणी बोललं नव्हतं, मीही नाही, ते तिनं असं सहज बोलून टाकलं. त्यानंतर त्या दोघांत प्रेम राहिलं, पत्रं राहिली, पण बाबांनी तिला ती कुठल्या मार्गानं येते-जाते हे पुन्हा कधी विचारलं नाही.

दुपारी औषधाचा अंमल उतरत आला. ताईनं नर्समावशींकडून सुई आपल्या हातात घेतली होती, पण दिली नव्हती. कोट काढून ती आईचं मनगट धरून बसली होती. मला कळत होतं ती कशासाठी थांबलीय. जागं होईपर्यंत. एकदाच. बाबांना दोष देणारी ती आता त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्यासारखीच वाट बघत होती.

आईनं डोळे उघडले. कळ आली होती, तिचं कपाळ आक्रसलं. तिनं नाडीवरची बोटं पाहिली, मग ते कापलेले केस, तो फिका चेहरा. नीट निरखून पाहिलं. आणि अदबीनं, परक्या माणसाशी बोलतात तसं म्हणाली, "सिस्टर, आज सुई नका दिऊ. माझी लेक यायचीय."

"आई," ताई म्हणाली. "अगं, मीच आहे. मी आलेय."

"व्हय," आई म्हणाली. दवाखान्यातल्या बाया धीर द्यायला काहीही सांगतात, हे तिला ठाऊक होतं. "तुमी लई चांगल्या हाय. पर ती इंग्लंडहून निघालीय. लांब हाय ते. थोडं थांबा."

ताईनं तिचा हात आपल्या गालावर लावला, मला पुढं ओढलं, "सांग ना गं तिला," म्हणाली. मी सांगितलं. बाबांनी सांगितलं. आईनं आमच्या तिघांकडं पाहिलं. मग कळ मोठी झाली आणि तिनं दोरीसाठी हातानं चाचपलं.

ताई उठली. तिनं दंड पुसला, सुई दिली, आणि त्या जागी हळूहळू चोळत राहिली. मी तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही.

आईचे डोळे जड व्हायला लागले. "आली की मला उठवा हं सिस्टर," ती म्हणाली. "झोपू दिऊ नका."

"हो बाई," ताई म्हणाली. "उठवते."

आई सोमवारी दुपारी गेली. मधे तिला कुणी उठवलं नाही.